आज्ञावलीच्या पोटातील चित्रे

संगणकाची ओळख करून देणारी जी लहान पुस्तके शाळांतून फिरतात, त्यांत आयकॉनची व्याख्या एकाच साच्यातली असते. पडद्यावरच्या ज्या लहान चित्रावर टिचकी मारली की आज्ञावली सुरू होते, ते चित्र म्हणजे आयकॉन. आम्हीही ही व्याख्या अनेक वर्षे फळ्यावर लिहून दिली, विद्यार्थ्यांनी ती पाठ केली आणि परीक्षेत त्यांना तिचे पूर्ण गुणही मिळाले. व्याख्येत चुकीचे काही नाही. परंतु ती जिथे थांबते तिथूनच खरा प्रश्न सुरू होतो.

तो प्रश्न आम्हाला पडला नव्हता. तो नववीतल्या एका मुलाने विचारला. राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्यातले, गंगाखेड तालुक्यातले आमचे गाव. शाळेच्या संगणक खोलीत तेव्हा चालू स्थितीतले तीन संगणक होते आणि एका संगणकापुढे पाच-सहा मुले बसत. त्यातला एक म्हणाला, “सर, हे चित्र ठेवलेलं असतंय कुठं?” आम्ही सांगितले, “संगणकात.” त्यावर तो म्हणाला, “मग पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर नेलं, तर चित्र संगं कसं काय येतंय?”

आम्ही निरुत्तर झालो, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याच तासाला एक साधा प्रयोग करून पाहिला. तो कोणत्याही शाळेत करता येईल. पेनड्राइव्हवर दोन फायली घ्याव्यात: एक शब्दलेखकात टंकलेले पत्र आणि दुसरी एखाद्या लहानशा खेळाची, ईएक्सई प्रकारची फाईल. मग तो शब्दलेखक ज्यावर बसवलेलाच नाही अशा संगणकाला पेनड्राइव्ह लावावा. पत्राचे चित्र बदलून तिथे कोरा कागद दिसू लागतो. खेळाचे चित्र मात्र आहे तसेच राहते. याचा अर्थ असा, की पत्राला त्याचे चित्र त्या त्या संगणकाने दिलेले असते आणि खेळ आपले चित्र स्वतःच्या पोटात घालून आलेला असतो. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे होते. पण या उत्तरातून जे पुढे निघते ते सोपे नाही आणि त्यासाठीच हा लेख आहे. पुस्तकाचे परीक्षण करतात तसे या चित्रांचे परीक्षण करण्याचा आमचा विचार आहे. चित्र म्हणून ती कशी आहेत हे पाहूच. परंतु साक्षीदार म्हणून ती कितपत विश्वासाची आहेत, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रथम पोट उघडू. ईएक्सई फाईलची एक प्रत काढावी, मूळ फाईल बाजूला ठेवावी आणि प्रत नोटपॅडमध्ये उघडावी. पडद्यावर बहुतेक अगम्य चिन्हांचा चिखल दिसेल. (तो साठवू नये, नाहीतर प्रत निकामी होईल.) पण अगदी सुरुवातीची दोन अक्षरे वाचता येतात: रोमन लिपीतील एम आणि झेड. संख्येत सांगायचे तर पहिला बाइट ७७ आणि दुसरा ९०. डॉस प्रणालीच्या काळात हा साचा रचणारे मायक्रोसॉफ्टमधील अभियंता मार्क झ्बिकोव्स्की यांच्या नावाची ही आद्याक्षरे आहेत. आजही जगातील प्रत्येक विंडोज आज्ञावलीच्या कपाळावर ती असतात. थोडे खाली, ही आज्ञावली डॉसमध्ये चालणार नाही अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य दिसते. त्याच्या पुढे खरी रचना सुरू होते. विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आलेल्या या रचनेत फाईलचे विभाग पाडलेले असतात. एका विभागात यंत्राला द्यायच्या आज्ञा, दुसऱ्यात आकडेवारी आणि आणखी एका विभागात आज्ञावलीला लागणारे सामान: चित्रे, शब्द, मेनू, चौकटी, माउसचे बाण, आवाज. या सामानाच्या विभागाला आपण कोठीघर म्हणू.

कोठीघरातील मांडणी पाहिली की ग्रंथालयाची आठवण येते. कपाटे प्रकारानुसार असतात आणि प्रत्येक प्रकाराला ठरलेला क्रमांक असतो. बाणाला १, साध्या चित्राला २, आयकॉनला ३, मेनूला ४, चौकटीला ५, शब्दांना ६. कपाटातील प्रत्येक खणाला स्वतःचा क्रमांक किंवा नाव असते आणि खणाच्या आत पुन्हा भाषेनुसार कप्पे असतात. कप्प्यात वस्तू नसते. ती फाईलमध्ये कुठून सुरू होते आणि किती बाइट लांब आहे, एवढी चिठ्ठी असते. आयकॉन ‘बाहेर काढणे’ म्हणजे प्रकार, खण, भाषा अशा तीन पायऱ्या उतरून ही चिठ्ठी वाचायची आणि तिने दाखवलेले बाइट उचलून वेगळ्या फाईलीत उतरवायचे. गंमत अशी, की आयकॉन सुटा नसतो. एकाच चित्राच्या लहानमोठ्या आवृत्त्या वेगवेगळ्या खणांत ठेवलेल्या असतात आणि त्या कोणत्या याची यादी १४ क्रमांकाच्या दुसऱ्याच कपाटात असते. त्या यादीतील प्रत्येक नोंद १४ बाइटांची, तर सुट्या आयकॉन फाईलमधील नोंद १६ बाइटांची. म्हणून नुसती नक्कल करून भागत नाही, यादी नव्याने लिहावी लागते. हे काम करणारी साधने फुकट मिळतात. विंडोजवर रिसोर्स हॅकर किंवा आइकॉन्स एक्स्ट्रॅक्ट, लिनक्सवर रेसटूल व आयकोटूल ही जोडी. फायली दाबून लहान करणारी सेव्हन-झिप ही आज्ञावलीसुद्धा ईएक्सई उघडून आतील कोठीघर दाखवते. या कामात आज्ञावली चालवली जात नाही, फक्त वाचली जाते, हे मुलांना मुद्दाम सांगावे.

आता थोडे गणित. आमच्या अनुभवाने या विषयातील सर्वांत रसाळ भाग हाच आहे.

विंडोजच्या जुन्या काळातील नेहमीचा आयकॉन ३२ बिंदू रुंद, ३२ बिंदू उंच आणि १६ रंगांचा असे. बिंदू झाले १०२४. सोळांपैकी एक रंग सांगायला ४ बिट पुरतात, म्हणजे ४०९६ बिट अर्थात ५१२ बाइट. सोळा रंगांची यादी, प्रत्येकी ४ बाइटप्रमाणे, ६४ बाइट. माहितीचा मथळा ४० बाइट. बेरीज ६१६ येते. परंतु चित्र प्रत्यक्ष काढून मोजले तर ते ७४४ बाइट भरते. उरलेले १२८ बाइट कशाचे? हा प्रश्न वर्गात विचारून थोडा वेळ गप्प बसावे. १२८ बाइट म्हणजे १०२४ बिट, म्हणजे प्रत्येक बिंदूला एक बिट, इथपर्यंत मुले स्वतः येतात. त्यापुढे थोडी मदत लागते. आयकॉन चौकोनी असला तरी तो पडद्यावर चौकोनी दिसत नाही, त्याच्या कडेने मागची पार्श्वभूमी दिसते. कोणता बिंदू रंगवायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे सांगणारे दुसरे, फक्त काळेपांढरे चित्र म्हणजे हे १२८ बाइट. त्याला मुखवटा म्हणतात. मुखवट्यात ० असेल तर पडद्याचा बिंदू आधी काळा केला जातो आणि मग त्यावर रंग चढतो. मुखवट्यात १ असेल आणि रंग काळा असेल तर पडदा जसाच्या तसा राहतो. मुखवट्यात १ आणि रंग पांढरा असेल तर पडद्याचा रंग उलटा होतो. बुलीय बीजगणितातील ‘आणि’ व ‘व्यावर्तक अथवा’ या दोन क्रिया इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही. शिवाय चित्राच्या ओळी खालून वर लिहिलेल्या असतात आणि मथळ्यात उंची ३२ ऐवजी ६४ नोंदलेली असते, कारण चित्र आणि मुखवटा एकावर एक रचलेले असतात. आलेखाच्या कागदावर मुलांनी हे बाइट उलगडले तेव्हा पहिले चित्र उलटे आले आणि वर्गात हशा पिकला.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर २५६ बिंदूंचे आयकॉन आले. एका बिंदूला ४ बाइट धरले तर असे एकच चित्र २ लाख ६२ हजार १४४ बाइटांचे होते. म्हणून ते पीएनजी पद्धतीने दाबून ठेवू लागले. ही नवी चित्रे चकचकीत आहेत, पण वर्गासाठी ती निरुपयोगी आहेत. आलेखाच्या कागदावर ती मावत नाहीत आणि हाताने उलगडता येत नाहीत.

चित्र म्हणून पाहू गेल्यास जुन्या लहान आयकॉनांत काही फार चांगले काम आहे, असे आमचे मत आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी जी चिन्हे रेखाटली ती चौकटीच्या कागदावर, एकेक घर भरून. पुढे विंडोज ३.० या १९९० च्या आवृत्तीसाठीही त्यांनी काम केले. त्या आवृत्तीतील पत्त्यांच्या खेळाचे पत्ते त्यांचेच आहेत. तेही एका कोठीघरात ठेवलेले असत. कार्ड्स नावाच्या त्या डीएलएल फाईलमध्ये चित्रांखेरीज फारसे काही नव्हते आणि पत्त्यांचे अनेक खेळ तिच्यातूनच चित्रे उसनी घेत. इतक्या थोड्या बिंदूंत राजाचा चेहरा राजाचा वाटावा, ही साधी गोष्ट नाही. आमच्याकडे ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या मुलींना यातील अडचण मुलांपेक्षा लवकर कळली: तिरकी रेघ ओढायला ठिपके कमी पडतात.

पण ही चित्रे कोणाच्या कचेरीतली आहेत? विंडोज ९५ च्या शेल३२ या फाईलमधील आयकॉन एका पडद्यावर मांडले की एक अमेरिकी कार्यालय डोळ्यांपुढे उभे राहते. पिवळसर जाड कागदाचे, वर जीभ असलेले फोल्डर, पाय नसलेली कचऱ्याची टोपली, फ्लॉपी. आपल्या कार्यालयातील फाईल नाडीने बांधलेली असते आणि तलाठ्याचे दप्तर कापडात गुंडाळलेले असायचे. ही तक्रार नवी नाही, आणि आम्हीही ती मोठ्या आवेशाने वर्गात मांडली. मग म्हटले, साठवण्याच्या क्रियेसाठी तुम्हीच चिन्ह काढा. ३२ गुणिले ३२ घरांचा कागद वाटला. कुणी गाठोडे काढले, कुणी शिंके, एका मुलीने कणगी काढली आणि ती खरोखर सुरेख होती. परंतु निम्म्या वर्गाला कणगी ओळखू आली नाही, कारण त्यांच्या घरी धान्य पत्र्याच्या कोठीत असते. फ्लॉपी मात्र सर्वांनी ओळखली, जरी तिला कोणीही हात लावलेला नव्हता. सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये बंद केली, तरी साठवण्याचे चिन्ह म्हणून ती जिवंतच आहे. चिन्ह परके असल्याने अडत नाही, ते सर्वांनी एकच मानलेले असले की पुरते. आमचा आवेश तिथे बराच उतरला.

आता शब्दांकडे. ६ क्रमांकाच्या कपाटात आज्ञावलीचे शब्द सोळा-सोळांच्या गठ्ठ्यांनी ठेवलेले असतात: सूचना, इशारे, चुकीचे संदेश. आणि भाषेच्या कप्प्यांना जे क्रमांक आहेत त्यांत आपलाही आहे. अमेरिकी इंग्रजीचा १०३३, हिंदीचा १०८१, मराठीचा ११०२, कोकणीचा ११११. हा ११०२ आकडा आम्ही फळ्यावर लिहिला तेव्हा मुलांना त्याचे विशेष कौतुक वाटले. आज्ञा एका विभागात आणि शब्द दुसऱ्या विभागात असल्यामुळेच, आज्ञांना हात न लावता शब्द तेवढे मराठीत घालता येतात. व्हिस्टापासून तर शब्दांसाठी वेगळ्या फायलीच करण्यात आल्या आणि प्रत्येक भाषेला वेगळे फोल्डर मिळाले. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांसाठी मराठीचा संच फुकट उतरवून घेता येतो. देवनागरी दिसण्याची सोय विंडोज २००० पासून आहे. तिच्यासाठीचा ‘मंगल’ हा टंक मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी घडवला. असे असूनही मराठी पडदा असलेला संगणक आम्ही आसपासच्या एकाही शाळेत पाहिला नाही. यात मुलांचा दोष नाही, तो आम्हा शिक्षकांचा आहे. आम्हालाच ‘फाइल, एडिट, व्ह्यू’ पाठ झालेले असते आणि मेनू मराठीत दिसला की आम्हीच गोंधळतो.

भाषांतरावर मात्र टीका करायला जागा आहे. चौकटीची लांबीरुंदी ५ क्रमांकाच्या कपाटात आकड्यांनी ठरलेली असते आणि ती बहुधा इंग्रजी शब्द मोजून ठरवलेली असते. मराठी वाक्य लांब होते, शिवाय वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने उंचीही जास्त लागते. मग शब्द कापला जातो, किंवा भाषांतरकार कापला जाऊ नये म्हणून अर्थच आखडता घेतो. मेनूमधील एखादे अक्षर कळफलकावरून दाबता यावे म्हणून त्याच्या आधी एक खूण घालायची पद्धत आहे. ‘क्ष’ किंवा ‘त्र’ने सुरू होणाऱ्या शब्दात ती खूण कुठे घालावी, याचा विचार साचा बनवणाऱ्यांनी केलेला नव्हता. त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे आळशी आज्ञावलीकाराचा. त्याने काही वाक्ये कोठीघरात न ठेवता थेट आज्ञांतच गाडलेली असतात. मग सगळी आज्ञावली मराठीत बोलते आणि नेमका गंभीर इशारा तेवढा इंग्रजीत येतो. कोठीघर नीट मांडणे हा आज्ञावलीकाराच्या सुसंस्कृतपणाचा भाग आहे, असे आम्ही म्हणू.

तर आज्ञा वेगळ्या आणि त्यांचे रूप वेगळे, या एका सोयीमुळे मराठीला संगणकात शिरता आले. परंतु त्याच दारातून दुसरेही कोणी आत येते.

आमच्या शाळेतील गोष्ट सांगतो. २००९ सालचा उन्हाळा होता. नववीच्या गुणांच्या याद्या तयार करून पेनड्राइव्हवर ‘निकाल’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या आणि छापून आणण्यासाठी आमच्यातील एक जण तालुक्याच्या गावी एका दुकानात गेला. छापील कागद आले, पेनड्राइव्ह परत आला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या संगणकावर ‘निकाल’ या पिवळ्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली. फोल्डर उघडले, याद्या दिसल्या, शंका यावी असे काहीच घडले नाही. आठवड्याभरात तिन्ही संगणक रांगायला लागले. प्रत्येक फोल्डर दोन-दोनदा दिसू लागले आणि शेवटी तिन्ही संगणक पुसून नव्याने बसवावे लागले. त्यात दोन वर्षांच्या नोंदी गेल्या. त्या हाताने पुन्हा लिहिण्यात आमची दिवाळीची सुटी गेली. दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नव्हता, त्याचाही संगणक बाधित होता आणि त्यालाही ते ठाऊक नव्हते.

घडले ते असे. खरे ‘निकाल’ फोल्डर लपवले गेले होते आणि त्याच्या जागी त्याच नावाची ईएक्सई फाईल येऊन बसली होती. तिच्या कोठीघरात आयकॉन होता तो पिवळ्या फोल्डरचा. फाईलच्या नावाचे शेपूट विंडोज मुळातच लपवून ठेवते, त्यामुळे ‘निकाल’ एवढेच दिसत होते. टिचकी मारली की ती फाईल आधी आपले काम उरकत असे आणि मग लपवलेले खरे फोल्डर उघडून दाखवत असे. इंडोनेशियात निघून २००५ पासून पसरलेल्या ब्राँटॉक या कृमीची युक्ती याच जातीची होती आणि तिच्या कित्येक नकला आपल्याकडील पेनड्राइव्हवरून वर्षानुवर्षे हिंडत राहिल्या.

इथे आमच्या व्याख्येतील उणीव उघडी पडते. आयकॉनवरून फाईल ओळखावी, असे आम्ही शिकवत होतो. परंतु आयकॉन हा फाईलने स्वतःच आणलेला स्वतःचा फोटो आहे, आणि तो कुणाचाही असू शकतो. चित्र बाहेर काढणे जितके सोपे, तितकेच ते दुसऱ्या फाईलीत घालणे सोपे. १६ क्रमांकाच्या कपाटात कंपनीचे नाव आणि आवृत्ती लिहिलेली असते. तिथेही लिहिणाऱ्याचा हात कोणी धरत नाही.

आपल्या देशाला चिन्हांचा अनुभव नाही असे नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून कोट्यवधी निरक्षर मतदारांनी चिन्ह पाहून मत दिले. छत्री, पतंग, शिलाई यंत्र ही चिन्हे म्हणजे आपले जुने आयकॉनच. पण त्यांना राखणदार आहे. निवडणूक आयोगाचा १९६८ चा चिन्हांविषयीचा आदेश आहे आणि एका मतदारसंघात एक चिन्ह दोघांना मिळत नाही. मतपत्रिकेवर चिन्ह छापते ती निवडणूक यंत्रणा. उमेदवार ते खिशातून काढून चिकटवत नाही. आज्ञावलीचे चिन्ह नेमके तसे चिकटवलेले असते. म्हणून मतदानाच्या चिन्हावर ठेवावा तो विश्वास संगणकातील चिन्हावर ठेवणे, ही चूक भोळेपणाची नाही. एका व्यवस्थेत मिळवलेली सवय आपण दुसऱ्या व्यवस्थेत नेतो आणि ती व्यवस्था वेगळी आहे हे कोणी सांगत नाही.

ही जुन्या संगणकांची कथा म्हणून सोडून देता येणार नाही. आज गावात संगणकापेक्षा मोबाइल कितीतरी जास्त आहेत, आणि मोबाइलवरील एपीके फाईल म्हणजे दाबून बांधलेले गाठोडेच असते. तिचे शेपूट बदलून झिप केले तर ती संगणकावर उघडते आणि आत चित्रांचे फोल्डर दिसते. कोणते चित्र आणि कोणते नाव दाखवायचे, हे आतल्याच एका यादीत लिहिलेले असते. म्हणजे इथेही फोटो ज्याचा त्याने आणलेला. २०२४ च्या अखेरीस लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या एपीके फायलींबद्दल हिमाचल प्रदेश पोलिसांनी लोकांना सावध केले. वाहनाच्या दंडाच्या किंवा सरकारी योजनेच्या नावाने येणाऱ्या अशाच फायली अनेक राज्यांत सापडल्या आहेत. त्या उघडून बसवून घेणाऱ्यांच्या खात्यांतून पैसे गेले. पालकांपैकी कितीतरी जण चित्र पाहूनच फाईल ओळखतात, वाचून नव्हे.

मग राखणदार कोणीच नाही का? एक आहे, पण तो चित्रात दिसत नाही. मोठ्या संस्थांच्या ईएक्सई फायलींवर अंकीय सही असते. फाईलच्या गुणधर्मांच्या चौकटीत तिचे वेगळे पान असते. ही सही फाईलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली असते आणि त्या मजकुरात कोठीघरही आले. प्रयोग असा करावा. एखाद्या नामांकित ब्राउझरची स्थापना-फाईल घ्यावी, तिच्या प्रतीतील आयकॉनचा एकच बिंदू बदलावा आणि सहीचे पान पुन्हा पाहावे. सही अवैध ठरलेली दिसते, किंवा संपादकाने ती काढूनच टाकलेली असते. १०२४ बिंदूंतील एक बिंदू! मुलांना हे जादूसारखे वाटते, आणि इथे जादू नाही हे सांगण्यासाठी आम्हाला पुढचे दोन तास लागले. तरीही सही फक्त ‘कोणी’ ते सांगते, ‘कसे’ ते नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या कृमीवर दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या चोरलेल्या सहीच्या किल्ल्या वापरलेल्या होत्या.

शिक्षकांपैकी काहींनी आम्हाला विचारले, की दुसऱ्याच्या आज्ञावलीचे पोट फाडणे कायद्याला धरून आहे का? चित्रे ज्याची त्याची आहेत. ती काढून आपल्या नावाने वापरणे किंवा विकणे गैर आहे, हे वर्गात स्पष्ट सांगावे. परंतु रीतसर मिळालेली आज्ञावली कशी चालते याचे निरीक्षण आणि अभ्यास करण्याला प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात वाव ठेवलेला आहे. परवान्यात वेगळी अट असेल तर ती वाचावी. शंका असेल तर मुक्त परवान्याची आज्ञावली घ्यावी, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

आमच्या वर्गात आता आयकॉनची व्याख्या दुसऱ्या तासाला येते. पहिल्या तासाला फायलींची शेपटे दिसतील अशी संगणकाची मांडणी मुलांकडूनच बदलून घेतो आणि मग ‘प्रकार’ हा रकाना वाचायला लावतो. तिथे ‘फाईल फोल्डर’ लिहिले आहे की ‘अॅप्लिकेशन’, एवढे पाहिले असते तर आमची ती दिवाळी वाचली असती.

तो पेनड्राइव्ह आम्ही टाकून दिला नाही. त्यावरील बनावट ‘निकाल’चे शेपूट बदलून ती निरुपद्रवी करून ठेवली आणि लिनक्सच्या संगणकावर तिच्यातून आयकॉन बाहेर काढला. जुन्या विंडोजच्या शेल३२ फाईलमधून खऱ्या फोल्डरचा, तेवढ्याच आकाराचा, सोळा रंगी आयकॉन काढला. दोन्ही ७४४ बाइटांचे. वर्गाचे दोन गट करून दोन्ही चित्रे आलेखाच्या मोठ्या कागदांवर एकेक घर भरून उतरवली आणि कागद खिडकीच्या काचेवर, उजेडात, एकावर एक धरले. मुलांनी ओळीओळीने ताडून पाहिले. १०२४ पैकी एकाही बिंदूत फरक निघाला नाही.